इफ्तारच्या ताटातल्या केळ्याची वंशावळ

मगरीबच्या अजानला अर्धा-पाऊण तास उरला की रावेरच्या बाजारात फळांच्या गाड्यांभोवती गर्दी दाटते. खजूर, टरबूज, पपई, पेरू, द्राक्षे आणि केळी. रोजा सोडताना पहिला मान खजुराचा, पण दिवसभराच्या उपासानंतर अंगात तरतरी आणायला केळे लागतेच. घरोघरी फळांचे काप करून वर चाट मसाला भुरभुरला जातो, त्यात निम्मे काप केळ्याचेच असतात. बाकीची फळे मोजून विकत आणावी लागतात. केळी मात्र कुणाच्या ना कुणाच्या बागेतून घरी येऊन पडतात, आणि ती देणारा शेजारी पाटील आहे, चौधरी आहे, महाजन आहे की तडवी, हे कुणी विचारत नाही.

रमजान आणि रावेरची केळी यांचे नाते बाजारभावाचेही आहे. या महिन्यात उत्तर भारतातून मागणी वाढते आणि आखाती देशांकडे जाणाऱ्या मालालाही उठाव येतो. त्यामुळे 'रमजान कधी सुरू होतो?' हा प्रश्न इथला केळी उत्पादकही आधीपासून विचारत असतो. इस्लामी वर्ष चांद्र असल्याने रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. म्हणजे साधारण तेहेतीस वर्षांत तो सगळ्या ऋतूंतून फिरून येतो. कधी मृगबागेच्या कापणीला गाठतो, कधी कांदेबागेच्या. चंद्राच्या दिनदर्शिकेवर लक्ष ठेवून असलेले असे हिंदू शेतकरी दुसऱ्या तालुक्यात शोधावे लागतील.

'जळगावची केळी' हे नाव २०१६ साली भौगोलिक मानांकनाच्या यादीत गेले. सातपुड्याच्या पायथ्याची गाळाची जमीन, तापीचे खोरे, विहिरींचे पाणी आणि पिढ्यांची मेहनत यांतून ही केळी घडली, त्यामुळे ती इथली म्हणायला हरकत नाही. पण आज रावेरच्या शिवारात जे झाड उभे आहे, ते सातपुड्याच्या जंगलातून शेतात आलेले नाही. चीन, मॉरिशस, इंग्लंडमधल्या एका सरदाराचे काचघर, इस्रायलच्या रोपवाटिका असे टप्पे त्याच्या घराण्याच्या प्रवासात आहेत. हा प्रवास घडवणाऱ्यांना वनस्पतिशोधक म्हणतात. दूरदेशी जाऊन अनोळखी झाडे हुडकायची, ती जिवंत ठेवून समुद्रापार न्यायची आणि बागेत लावायची, हा त्यांचा उद्योग. इफ्तारच्या ताटातली पपई, पेरू आणि अननस ही फळे अशाच प्रवासातून अमेरिका खंडातून भारतात आली. केळ्याची गोष्ट त्याहून जुनी आहे, आणि रावेरसाठी ती अजून संपलेली नाही.

केळीच्या लागवडीचा सर्वात जुना ठोस पुरावा न्यू गिनी बेटावरच्या कुक या दलदलीच्या जागी सापडला. तो सुमारे साडेसहा ते सात हजार वर्षांपूर्वीचा आहे. रानटी केळ्यात दगडासारख्या कडक बिया असतात आणि गर नावापुरता. कुणीतरी, कधीतरी, बिया कमी आणि गर जास्त असलेले झाड पाहिले, त्याचा कंद उपटला आणि घराजवळ लावला. पहिले वनस्पतिशोधक तेच. त्यांची नावे कुठेच नाहीत.

भारतातून आणि आग्नेय आशियातून केळ पश्चिमेकडे गेली ती अरबी समुद्रावरच्या व्यापाऱ्यांच्या हातून. अरबीत केळ्याला 'मौज' म्हणतात. कुरआनच्या सूरह वाकिआमध्ये जन्नतच्या वर्णनात 'तल्ह' नावाच्या झाडाचा उल्लेख येतो. अनेक जुन्या भाष्यकारांनी त्याचा अर्थ एकावर एक फण्या रचलेली केळ असा लावला, तर काहींनी ते बाभळीच्या कुळातले झाड मानले. युरोपातही जुन्या काळी अशी समजूत होती की स्वर्गातल्या बागेतले ते प्रसिद्ध फळ म्हणजे केळेच. स्वीडनचे वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियस यांनी १७३६ साली हॉलंडमधल्या एका श्रीमंत बँकरच्या उष्णघरात केळीला फूल आणून दाखवले आणि त्यावर पुस्तिका लिहिली. पुढे १७५३ मध्ये त्यांनी केळीला शास्त्रीय नाव दिले, 'मुसा पॅराडिसिआका'. त्यातला 'मुसा' बहुतेक अभ्यासकांच्या मते अरबी 'मौज'वरून आला आणि 'पॅराडिसिआका' म्हणजे स्वर्गातली. रावेरच्या शेतकऱ्याला हे नाव ठाऊक असण्याची गरज नाही. पण स्वर्गातल्या झाडाला युरियाचा डोस किती द्यायचा, हे तोच सांगू शकतो.

आपण केळीच्या शेताला 'शेत' म्हणत नाही, 'बाग' म्हणतो. पिकवणारा 'बागायतदार'. बाग हा शब्द फारसी, आणि त्याच्याबरोबर बागेची एक कल्पनाही आली: भिंत, वाहते पाणी, चार चौक आणि दूरवरून आणून लावलेली झाडे. बाबर हा या अर्थाने पक्का बागवान होता. लढाया करता करता त्याने फळझाडे इकडून तिकडे नेली. आजच्या अफगाणिस्तानात जलालाबादजवळ त्याने 'बाग-ए-वफा' वसवली होती. लाहोर जिंकले त्या वर्षी, म्हणजे पानिपतच्या दोन-तीन वर्षे आधी, त्याने केळीची रोपे मागवून तिथे लावली आणि ती चांगली रुजली, असे त्याने आत्मचरित्रात नमूद केले आहे. त्याच ग्रंथात पुढे हिंदुस्थानच्या फळांचे वर्णन करताना तो केळफुलाला मेंढीच्या हृदयाची उपमा देतो आणि फळाचे दोन गुण सांगतो: सोलायला सोपे, आणि आत आठळी नाही की रेषा नाही. हिंदुस्थानातल्या अनेक गोष्टींना नाके मुरडणाऱ्या बाबराकडून एवढी शाबासकी म्हणजे बरीच झाली.

या ग्रंथाचा धागा थेट आपल्या शेजारी येऊन पोहोचतो. बाबराने आत्मचरित्र तुर्कीत लिहिले होते. त्याचा फारसी अनुवाद करून १५८९ साली अकबराला सादर केला तो अब्दुर्रहीम खानखानान यांनी, म्हणजे दोह्यांमुळे घरोघर माहीत असलेले रहीम. पुढे त्यांच्या आयुष्याची बरीच वर्षे बुऱ्हाणपुरात गेली, रावेरहून रेल्वेने अगदी जवळच्या अंतरावर. त्यांच्याच काळात, १६१५ साली, बुऱ्हाणपुरात 'कुंडी भंडारा' उभा राहिला. सातपुड्याच्या उतारावरून जमिनीत मुरणारे पाणी भुयारांतून शहरात आणण्याची ही इराणी पद्धत. तापीपलीकडे जैनाबादेत 'आहुखाना' हे बादशाही हरणबागेचे ठिकाण होते. १६३१ मध्ये मुमताजमहल वारली तेव्हा तिला आधी तिथेच दफन केले होते. जहाँगीरच्या आठवणींत फिरंग्यांच्या बंदरांतून आलेल्या अननसाची लागवड आग्र्याच्या बागेत झाल्याची नोंद आहे. दूरचे झाड आणून आपल्या पाण्यावर वाढवण्याची हौस या भागाला नवी नाही.

मात्र रावेरच्या आजच्या केळीचे घराणे बादशाही बागेतून आलेले नाही. त्यासाठी एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये जावे लागते.

त्या काळी तिकडच्या श्रीमंतांना परदेशी झाडांचे वेड लागले होते. कुणाच्या काचघरात कोणते ऑर्किड फुलले, याच्या चर्चा आपल्याकडे बैलजोडीच्या होतात तशा होत. अडचण होती ती वाहतुकीची. सहा-सहा महिने जहाजावर खाऱ्या वाऱ्यात ठेवलेली बहुतेक रोपे मरून जात. लंडनचे डॉक्टर नॅथॅनिएल वॉर्ड यांना १८२९ साली एक गोष्ट योगायोगाने दिसली. बंद बाटलीतल्या ओल्या मातीत नेच्याचे रोप आपोआप उगवले आणि पाणी न घालता टिकले. आतली वाफ काचेवर जमून पुन्हा मातीत उतरत होती. त्यांनी काचेच्या बंद पेट्या करवल्या आणि १८३३ मध्ये त्यांतून रोपे थेट सिडनीला पाठवून पाहिली. ती जिवंत पोहोचली. या पेटीने जगाच्या बागा बदलल्या. चीनच्या चहाची रोपे हिमालयाच्या उतारांवर आली ती अशाच पेट्यांतून. ज्या देशातून झाड गेले त्याला त्या व्यापारातून काय मिळाले, हा हिशेब मात्र कुणी मांडला नाही.

डेव्हनशायरचे सहावे ड्यूक विल्यम कॅव्हेंडिश हे या हौशींपैकी एक. चॅट्सवर्थ इथे त्यांची प्रचंड बाग होती आणि जोसेफ पॅक्स्टन हे त्यांचे मुख्य माळी. शेतकऱ्याच्या घरात जन्मलेल्या या माळ्याने काचघरे बांधण्यात एवढे कौशल्य मिळवले की पुढे १८५१ च्या लंडन प्रदर्शनाचा क्रिस्टल पॅलेस त्यांनीच उभारला. ड्यूकने जॉन गिब्सन या तरुण माळ्याला १८३५ मध्ये खास झाडे शोधायला भारतात धाडले. गिब्सन कलकत्त्याजवळच्या शिबपूरच्या वनस्पतिउद्यानात उतरले, खासी टेकड्यांत हिंडले आणि १८३७ मध्ये पेट्या भरभरून ऑर्किड घेऊन परतले. त्या टेकड्यांत वाट दाखवणाऱ्यांची आणि झाडावर चढून फुले उतरवणाऱ्यांची नावे चॅट्सवर्थच्या पाट्यांवर चढली नाहीत.

केळ आली दुसऱ्या वाटेने. दक्षिण चीनमधली एक बुटकी जात मॉरिशस बेटावर पोहोचली होती. तिथले वनस्पतिप्रेमी चार्ल्स टेल्फेअर यांनी १८२९ साली तिची रोपे इंग्लंडमधल्या एका मित्राकडे पाठवली. मित्र वारल्यावर पॅक्स्टन यांनी त्यातले रोप मिळवले. भरपूर ऊब, ओलसर हवा आणि कसदार माती देऊन ते वाढवले. नोव्हेंबर १८३५ मध्ये त्याला केळफूल आले आणि पुढच्या मे महिन्यात शंभराहून जास्त केळी लागली. बागकाम संस्थेने पदक दिले आणि झाडाला नाव मिळाले ते मालकाचे: कॅव्हेंडिश. चीनच्या शेतकऱ्यांनी जपलेले, मॉरिशसमध्ये वाढलेले आणि एका माळ्याने फळाला आणलेले हे झाड ड्यूकच्या नावावर जमा झाले. सात-बाराचा उतारा पाहण्याची सवय असलेल्यांना यात नवल वाटणार नाही.

चॅट्सवर्थची रोपे जॉन विल्यम्स या मिशनऱ्याने पॅसिफिकमधल्या सामोआ बेटांवर नेली आणि तिथून ती आसपासच्या बेटांवर पसरली. याच घराण्याची बुटकी केळ भारतातही ठिकठिकाणी रुजली, आणि लोकांनी तिला दिलेली नावे ऐकण्यासारखी आहेत. आसामात ती 'जहाजी', तमिळनाडूत 'मोरिस', बंगालकडे 'सिंगापुरी' आणि 'काबुली', आणि महाराष्ट्रात 'बसराई'. जहाज, मॉरिशस, सिंगापूर, काबूल, बसरा अशी बंदरे आणि शहरे या नावांतून ऐकू येतात. काबूलच्या थंडीत केळ जगणार नाही, ते सोडा. हे झाड बाहेरून आले एवढे लोकांनी नावातच नोंदवून ठेवले.

जळगाव जिल्ह्यात बसराईने अनेक दशके राज्य केले. तिच्यासोबत श्रीमंती, महालक्ष्मी, अर्धापुरी ही नावेही जुन्या बागायतदारांच्या तोंडी आहेत. बसराई बुटकी, त्यामुळे वैशाखातल्या वादळात तग धरणारी. कंद लावायचे आणि दीड वर्ष वाट पाहायची. १९९० च्या दशकात ग्रँड नेन ही कॅव्हेंडिश घराण्यातलीच जात इस्रायलमधून ऊतिसंवर्धित रोपांच्या रूपात भारतात आली आणि जळगावच्या प्रयोगशाळेत तिची लाखोंनी रोपे होऊ लागली. फ्रेंच भाषेतल्या या नावाचा अर्थ 'मोठा बुटका'. ठिबक सिंचन आणि विद्राव्य खते यांच्या जोडीने बाग साधारण वर्षभरात कापणीला येऊ लागली आणि नीट जपलेला घड पंचवीस-तीस किलो भरू लागला. निर्यातीचे कंटेनर बांधावर उभे राहिले ते या जातीमुळे. वादळात मात्र ती बसराईपेक्षा लवकर आडवी होते, हे रावेरने अनेकदा डोळ्यांनी पाहिले आहे.

आता या वैभवाची दुसरी बाजू. खाण्याच्या केळ्यात बी नसते. नवे रोप होते ते कंदापासून, मुनव्यापासून किंवा प्रयोगशाळेतल्या ऊतीपासून. म्हणजे शिवारातले प्रत्येक झाड दुसऱ्याची हुबेहूब नक्कल असते. आंब्याच्या कोयीतून निघालेली दहा झाडे दहा स्वभावांची असतात. एखादी रोगाला बळी पडली तरी दुसरी वाचते. केळीच्या बागेत हजार झाडे असली तरी रोगाच्या दृष्टीने ते एकच झाड असते.

याची किंमत जगाने एकदा मोजली आहे. बसराईच्या आधी जगाच्या बाजारात 'ग्रो मिशेल' नावाच्या जातीचा दबदबा होता. तीही वनस्पतिशोधकांचीच भेट. फ्रेंच प्रवासी निकोला बोदँ यांनी ती आशियातून कॅरिबियन बेटावर नेली आणि १८३५ मध्ये ती जमैकात पोहोचली, म्हणजे चॅट्सवर्थच्या केळीला फूल आले त्याच साली. सालीने जाड आणि प्रवासाला टिकाऊ अशा या केळीवर अमेरिकन कंपन्यांनी साम्राज्ये उभारली. मग पनामा रोग आला. मातीतली फ्युजेरियम बुरशी मुळांतून शिरते, झाडाच्या नळ्या बंद करते आणि उभी बाग पिवळी पडून वाळते. १९६० पर्यंत ग्रो मिशेलचा व्यापार जवळपास संपला. तिची जागा घेतली कॅव्हेंडिशने, कारण तिला ती बुरशी लागत नव्हती. एका हौशी ड्यूकच्या काचघरातली केळ जगाचे मुख्य निर्यातपीक झाली ती अशी.

पण बुरशीचेही नवे रूप निघाले. टीआर-४ नावाने ओळखला जाणारा हा प्रकार कॅव्हेंडिशलाच मारतो. तैवानमध्ये तो प्रथम ध्यानात आला. पुढे जॉर्डन, मोझांबिक आणि २०१९ मध्ये कोलंबियापर्यंत पोहोचला. भारतात बिहार आणि उत्तर प्रदेशात त्याची नोंद झाली आहे. यावर औषध नाही. बुरशी मातीत अनेक वर्षे जिवंत राहते आणि कंदाला, अवजाराला, गाडीच्या चाकाला, बुटाला चिकटलेल्या चिमूटभर मातीतून पुढे जाते. रावेरहून उत्तर भारतात रोज ट्रक जातात आणि रिकामे होऊन परत येतात. हे वाक्य पुन्हा एकदा वाचावे असे आहे.

रावेर-यावलला एका जातीच्या लागवडीचा फटका अगदी अनोळखीही नाही. अलीकडच्या पावसाळ्यांत कुकुंबर मोझॅक विषाणूने, गावच्या भाषेत 'हरण्या'ने, महिना-दोन महिन्यांच्या कोवळ्या बागा गाठल्या. मावा हा विषाणू पसरवतो आणि काकडी-टरबुजाच्या वर्गातली पिके त्याला आसरा देतात. लागण झालेले झाड उपटून नष्ट करणे हाच उपाय. प्रत्येक रोपामागे पैसे मोजून लावलेली बाग स्वतःच्या हाताने उपटताना शेतकऱ्याच्या जिवाचे काय होते, ते बांधावर उभे राहिल्याशिवाय कळत नाही.

म्हणून वनस्पतिशोध अजून चालू आहे. फक्त शोधणाऱ्यांचे हेतू बदलले. आता कुणाला काचघरात मिरवायला फूल नको आहे. रानटी, बियाळ, खाण्याच्या लायकीची नसलेली केळ शोधली जाते, कारण रोगाशी झुंजण्याची ताकद तिच्यात असू शकते. शिबपूरच्या त्याच उद्यानात, जिथे गिब्सन उतरले होते, एक रानटी केळ वाढत होती. 'कलकत्ता-४' या नावाने ती जगभरच्या केळी पैदासकारांना ठाऊक आहे, कारण करप्याच्या सर्वात घातक प्रकाराला तिने दाद दिली नाही. ऑस्ट्रेलियातल्या शास्त्रज्ञांनी आग्नेय आशियातल्या रानटी केळीतले एक जनुक कॅव्हेंडिशमध्ये बसवून टीआर-४ ला तोंड देणारी जात तयार केली आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये तिला तिथे खाण्यासाठी मान्यता मिळाली. जनुकबदल केलेले फळ ग्राहक स्वीकारतील का, हा वाद आहेच. पण रानातली ती केळ आधीच तोडून टाकली असती तर वाद घालायलाही काही उरले नसते.

बेल्जियममधल्या ल्युव्हेन विद्यापीठात १९८५ पासून केळीच्या जातींचा जागतिक संग्रह आहे. दीड हजारांहून जास्त वाण तिथे काचेच्या नळ्यांत इवल्या रोपांच्या रूपात जपलेले आहेत. वॉर्ड यांच्या पेटीचेच हे छोटे रूप. आपल्याकडे तमिळनाडूतल्या तिरुचिरापल्लीला राष्ट्रीय केळी संशोधन केंद्र १९९३ मध्ये सुरू झाले, तिथेही देशभरचे वाण गोळा केले जातात. वसईची राजेळी, लाल केळी, वेलची यांसारखी नावे महाराष्ट्राची आहेत. बाजाराला एकसारखा, लांब, डाग नसलेला घड हवा असतो म्हणून ती मागे पडली. व्यापाऱ्याला दोष देऊन उपयोग नाही. कंटेनरमध्ये चार आकारांची केळी भरता येत नाहीत. पण घरामागच्या आडाजवळ, परसात किंवा बांधाच्या कोपऱ्यात वेगळ्या चवीची चार झाडे ठेवायला कंटेनरची परवानगी लागत नाही. फक्त त्यांचा कंद कुठून येतो, एवढे नक्की तपासून घ्यावे. रोगग्रस्त भागातून पाहुण्याने प्रेमाने आणलेला एक कंद अख्ख्या शिवाराला महाग पडू शकतो.

मृगबागेच्या रोपांची नोंदणी बरेच जण महिने आधी करून ठेवतात. रोपे कोणत्या रोपवाटिकेची, विषाणूची तपासणी झाली आहे का, लागवडीआधी शेजारी काकडी किंवा टरबूज होते का, बाहेरून आलेल्या गाडीची चाके आणि कटाईचे कोयते धुतले का, असे प्रश्न सध्या रावेर, सावदा, निंभोऱ्याच्या चहाच्या टपऱ्यांवर ऐकू येतात. संध्याकाळ झाली की त्याच टपऱ्यांवर रोजेदारांसाठी पाण्याचे जार आणि कापलेल्या फळांच्या थाळ्या मांडल्या जातात, आणि भावाची चर्चा अजानपर्यंत तशीच चालू राहते.